वाय दाबण्याआधी

काळ्या पडद्यावर शेवटची ओळ येते, ‘डू यू वाँट टू कंटिन्यू?’ पुढं चौकोनी कंसात मोठं वाय आणि लहान एन. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत संगणक शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक नवा माणूस या ओळीपाशी थबकतो, मान वळवतो आणि विचारतो, "दाबू का जी?"

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. खोलीतले संगणक शहरातल्या कार्यालयांनी बदलून टाकलेले. नवं विंडोज त्यांना पेलत नाही, म्हणून सगळ्यांवर विंडोजच्या जागी चालणारी डेबियन ही प्रणाली आहे. येणाऱ्यांत पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. बचत गटाचा हिशेब वहीतून संगणकावर आणायचं मनावर घेतलेल्या एक काकू आहेत. गावाचा इतिहास स्वतः टाइप करायला बसलेले एक निवृत्त गुरुजीही आहेत. यांच्यापैकी कुणालाच संगणकतज्ज्ञ व्हायचं नाही. पण यंत्र हाताशी असलं की त्यात काही टाकावं लागतं, काही काढावं लागतं. एक प्रोग्राम आणि त्याच्या फाइली एकत्र बांधल्या की ते पॅकेज. ते टाकण्या-काढण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामला पॅकेज मॅनेजर म्हणतात आणि त्याचे शब्द नव्या माणसाच्या अंगावर येतात.

ते शब्द समजावून सांगण्यात मी एवढा जीव का टाकतो, ते आधी सांगतो. आमच्याकडे फॉर्म बहुतेक वेळा दुसराच कुणी भरतो. पीकविमा असो, केवायसी असो, आपण खुर्चीच्या या बाजूला उभे, पडदा त्या बाजूला. ओटीपी सांगायचा, अंगठा ठेवायचा, पावती घेऊन घरी यायचं. मोबाइलवर ‘अलाउ’ आलं की दाबायचं, नाही दाबलं तर पुढं जाताच येत नाही. होकार द्यायची सवय अशी हाडात भिनली आहे, आणि कशाला होकार दिला ते वाचायची वेळच कधी येत नाही. पॅकेज मॅनेजरचं वेगळेपण असं की कामाला हात घालण्याआधी तो आपण काय काय करणार आहोत ते सगळं लिहून दाखवतो आणि मगच विचारतो. असं वागणारे प्रोग्राम मी फार थोडे पाहिले. ते लिहिलेलं ज्याला वाचता येतं त्याला ‘नको’ही म्हणता येतं. म्हणून ‘दाबू का’ला मी हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. "वर काय लिहिलं आहे ते सांगा," एवढंच म्हणतो.

सगळ्यात जास्त घोळ अपडेट आणि अपग्रेड या जोडीचा होतो. मोबाइलमुळं लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे की अपडेट म्हणजे डेटा खलास, चिन्हं इकडची तिकडं आणि जुना फोन आणखी मंद. एपीटी हे डेबियनच्या पॅकेज मॅनेजरचं नाव, आणि सुडो म्हणजे यंत्राच्या मालकाच्या अधिकारानं काम कर. ‘सुडो एपीटी अपडेट’ टाइप करा म्हटलं तर काकू हात मागं घेतात. "नोको जी, मंग माह्यं मराठी टायपिंग बदलून जाईन." भीती खरी आहे, फक्त ती या आदेशाला लागू नाही. डेबियनमध्ये अपडेटनं यंत्रातला एकही प्रोग्राम बदलत नाही. रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्यात, आज कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं आहे, याच्या ताज्या याद्या तेवढ्या तो उतरवून ठेवतो. प्रोग्राम बदलतात ते अपग्रेडनं. यादी शिळी असली तर अपग्रेडला नवं काही आल्याचं कळतच नाही. कधी यादीत नाव असतं पण सर्व्हरवरून ती जुनी फाइल निघून गेलेली असते, आणि पदरात ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही असा एरर, पडतो. म्हणून आधी अपडेट, मग अपग्रेड.

गोंधळणाऱ्याला मी कधी दोष देत नाही, कारण फेडोरा या डेबियनसारख्याच दुसऱ्या प्रणालीच्या डीएनएफ या पॅकेज मॅनेजरमध्ये अपडेट हे अपग्रेडचंच दुसरं नाव आहे. तिथून आलेला माणूस इथं चुकणारच. एपीटीत आणखी एक भाऊ आहे, फुल-अपग्रेड. साधं अपग्रेड बसवलेलं पॅकेज कधी काढून टाकत नाही, गरज पडली तर नवीन आणतं. फुल-अपग्रेड मात्र वाट मोकळी करायला काही पॅकेजं काढूही शकतं. नव्या माणसाला हा फरक पहिल्याच आठवड्यात सांगावा असं माझं ठाम मत आहे. त्याच्यासाठी खरा प्रश्न एकच असतो, माझं काही जाणार तर नाही ना?

हे फळ्यावर लिहून कुणाच्या डोक्यात बसत नाही. अपडेट चालवतो. शेवटी ओळ येते की इतकी पॅकेजं अपग्रेड करता येतील, ती पाहायची असतील तर अमुक आदेश द्या. तो देतो, नावांची यादी येते, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. मग काकूंना मराठी टाइप करून पाहायला सांगतो. ‘बचत गट’ अगदी पहिल्यासारखं उमटतं. अपडेट झालेलं असतं आणि काही बदललेलं नसतं. यानंतर समजावायची गरज उरत नाही.

पावसाळ्यात अपग्रेड चालू असताना लाइन जाते. जुन्या यूपीएसच्या बॅटरीत दम नसतो. लाइन आली की पुन्हा आदेश द्यावा तर पडद्यावर येतं, ‘ई: डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’. एपीटीच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम म्हणजे डीपीकेजी, त्याचं काम मध्येच तुटलं. इथं नव्या माणसाचा धीर सुटतो, यंत्र बिघडलं असं समजून तो बटन बंद करतो. मी त्याला आधी ओळीचं पहिलं अक्षर पाहायला शिकवतो. ई आणि दोन टिंबं असली की एरर, काम थांबलं. डब्ल्यू असली की वॉर्निंग, काम झालं पण लक्ष असू द्या. एन असली की नोटीस, नुसती माहिती. मग ओळ शेवटपर्यंत वाचायची. तिच्यातच पुढं लिहिलेलं असतं की ‘सुडो डीपीकेजी’ आणि त्यापुढं ‘कॉन्फिगर’, ‘ए’ असं चालवा, म्हणजे दुरुस्त होईल. दुखणं आणि औषध एकाच ओळीत. पॅकेज बसतं ते दोन टप्प्यांत, आधी फाइली उलगडून जागेवर ठेवल्या जातात आणि मग त्यांची जुळवणी होते. लाइन या दोहोंच्या मध्ये गेली तर काम अर्धवट राहतं. तो आदेश राहिलेली जुळवणी पुरी करतो. आमच्या पोरांना ही ओळ आता इतकी ओळखीची झाली आहे की ती वाचून कुणी मान वर करत नाही.

‘कुड नॉट गेट लॉक’ हा संदेशही असाच माणसाला उगाच घाबरवतो. दुसरा कुणी प्रोग्राम, बहुतेक वेळा सुरक्षेचे बदल आपोआप बसवणारा, त्या क्षणी पॅकेजांवर काम करत असतो. दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून कुलूप. थोडं थांबायचं. कुलपाची फाइलच पुसून टाका, असा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो आणि तो वाईट सल्ला आहे. चालू असलेलं काम त्यानं मोडू शकतं.

आता डिपेंडन्सी. एक पॅकेज मागितलं की चार का येतात, हा प्रश्न हॉटस्पॉटवर डेटा मोजून वापरणारा माणूस विचारणारच. पहिलं उत्तर सोपं आहे. ज्याच्याशिवाय प्रोग्राम चालूच शकत नाही ते ‘डिपेंड्स’, ते आणावंच लागतं. पण डेबियनमध्ये त्याखाली आणखी दोन पायऱ्या आहेत, ‘रेकमेंड्स’ आणि ‘सजेस्ट्स’. मधली पायरी समजावताना मला कपाशीच्या बियाण्याचं पाकीट आठवतं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट यायचं. धुऱ्याच्या कडेनं त्याच्या ओळी लावायच्या, म्हणजे बोंडअळीला साधी पऱ्हाटी मिळेल आणि तिच्यात बीटी पचवायची ताकद लवकर येणार नाही. ते लावलं नाही तरी त्या वर्षी बीटी उगवायची, बोंडं धरायची. म्हणून बहुतेकांनी ते पाकीट फेकलं. पुढं गुलाबी बोंडअळीला बीटीचा धाक उरला नाही, २०१७ मध्ये विदर्भानं ते डोळ्यांनी पाहिलं. त्याला इतरही कारणं होती, पण फेकलेली पाकिटं हे त्यातलं एक.

रेकमेंड्स म्हणजे ते १२० ग्रॅम. त्याच्यावाचून प्रोग्राम सुरू होतो, पण ज्या कामासाठी आणला त्यातलं काहीतरी पुढं अडतं, छपाईचं, फॉन्टचं, फाइल उघडण्याचं. एपीटी ते सोबत आणतोच, नको असेल तर ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ असं स्पष्ट सांगावं लागतं. डेटा वाचवायला ते सांगायला माझी हरकत नसते. मात्र काय सोडलं ते वहीत लिहून ठेवायचं, असा खोलीचा नियम आहे. सजेस्ट्समधलं एपीटी स्वतःहून आणत नाही, फक्त नावं दाखवतो.

हे सगळं कळलं की मग ती ओळ येते, जी मी प्रत्येकाकडून मोठ्यानं वाचून घेतो. डेबियन १२ वर ती अशी दिसते: ‘० अपग्रेडेड, ३ न्यूली इन्स्टॉल्ड, ० टू रिमूव्ह अँड १२ नॉट अपग्रेडेड’. खाली किती केबी उतरवायचं आणि डिस्कवर किती जागा जाणार. चार आकड्यांतला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. काही बसवायला निघालो असताना तिसरा आकडा शून्य नसेल तर हात थांबवायचा आणि वर जाऊन ‘विल बी रिमूव्ह्ड’खालची नावं वाचायची. डेबियन १३ मध्ये एपीटी ३.० आलं, त्यानं ही मांडणी पुष्कळ सुधारली. बसणारी नावं हिरवी, निघणारी लाल, सगळं रकान्यांत. नव्या माणसासाठी इतकं उपयोगी काम एपीटीत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, असं मला वाटतं.

न वाचण्याची किंमत काय असते याचं उदाहरण जगानं पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या व्हिडिओत एका प्रसिद्ध यूट्यूबरनं पॉप ओएस या डेबियनच्याच घराण्यातल्या प्रणालीवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवायला घेतला. त्या वेळी रिपॉझिटरीत डिपेंडन्सीची गडबड झालेली होती. स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपच काढावा लागेल, असा हिशेब एपीटीनं मांडला आणि तो लिहूनही दाखवला. अत्यावश्यक पॅकेजं निघणार आहेत, आपण काय करतो ते नेमकं माहीत असल्याशिवाय हे करू नका, पुढं जायचंच असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ असं पूर्ण वाक्य टाइप करा. त्यानं केलं. चित्रं, खिडक्या, माउसचा बाण, सगळं गेलं.

ही गोष्ट पोरांना सांगितली की ती त्या माणसाला बावळट ठरवतात. मला ते मान्य नाही. नावांच्या लांबलचक यादीनंतर आलेला इशारा नवा माणूस नेहमीचाच मजकूर समजतो, कारण आजवर प्रत्येक प्रोग्रामनं त्याला न वाचता पुढं जायला लावलेलं असतं. एपीटी सांभाळणाऱ्यांनाही हे पटलं असावं. ते वाक्य टाइप करून अत्यावश्यक पॅकेजं काढण्याची वाट त्यांनी त्यानंतर बंद केली. आता तसं करायचंच असेल तर आदेशातच वेगळा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो. तरीही कंसातलं वाय आजही मोठं आणि एन लहान आहे. मोठ्या अक्षराचा अर्थ असा की काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं तरी तो होकार धरला जातो. हे ऐकल्यावर गुरुजी चमकले. "म्हणजे आपण गप्प राहिलो तरी हो?" हो. म्हणूनच एंटरवरचं बोट आधी उचलायचं आणि मग वाचायला लागायचं, हे मी त्यांच्याच शब्दांत पुढच्यांना सांगतो.

काढण्याच्या शब्दांवर फार वेळ लागत नाही. ‘रिमूव्ह’ प्रोग्राम काढतं पण यंत्रभर लागू असलेल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली ठेवतं. ‘पर्ज’ त्याही काढतं. घरच्या फोल्डरमधल्या आपल्या फाइलींना दोन्ही हात लावत नाहीत, आणि हे वाक्य मी दोनदा सांगतो. ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणजे कुणाची तरी डिपेंडन्सी म्हणून आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं झाडून काढणं. इथंही यादी वाचायचीच.

रिपॉझिटरीपाशी मात्र पुन्हा थांबावं लागतं, कारण तिथं प्रश्न विश्वासाचा आहे. गुरुजींनी विचारलं होतं, "हे सगळं फुकट कोण पाठवून राह्यलं? अन् त्याच्यावर भरोसा कायले ठेवायचा?" मला इतका सरळ प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. डेबियन १९९३ मध्ये इयन मर्डॉकनं सुरू केलं, आणि आजही ते जगभरचे स्वयंसेवक चालवतात. २०२३ मध्ये त्यांची वार्षिक परिषद आपल्याकडं कोचीला झाली. प्रत्येक पॅकेजचा एक मेंटेनर असतो, माणूस किंवा गट. ‘एपीटी शो’ आणि पॅकेजचं नाव दिलं की ‘मेंटेनर’ या शब्दापुढं ते नाव दिसतं. मूळ प्रोग्राम लिहिणारे वेगळे, त्यांना अपस्ट्रीम म्हणतात. मेंटेनर तो घेतो, डेबियनच्या घडीत बसवतो, तक्रारी ऐकतो. रिपॉझिटरीच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर असतात, त्या मिरर.

मग मिररवाल्यानंच भेसळ केली तर? इथं सही येते. अपडेटच्या वेळी एक सही केलेली फाइल उतरते. तिच्यात याद्यांचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले ताळ्याचे आकडे, असतात आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा चेकसम. वाटेत कुणी एक अक्षर बदललं तरी हिशेब जुळत नाही आणि एपीटी ते घेत नाही. सही तपासायची पब्लिक की, म्हणजे जाहीर किल्ली, यंत्रात आधीपासून असते. बाहेरची नवी रिपॉझिटरी जोडली आणि तिची की नसली की तक्रार येते. तेव्हा तपासणीच बंद करून टाकायचे उपाय इंटरनेटवर भराभर सापडतात. ते करू नये, हे मी अगदी कडक शब्दांत सांगतो. रिपॉझिटरी कुणाची आहे, तिची की अधिकृत जागेवरून आली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढचा आदेश द्यायचा नाही.

सही कुणाची आहे एवढंच कळतं, आत काय आहे ते नाही. गुरुजींपासून हेही मी लपवलं नाही. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरवाट घातल्याचं उघड झालं. घालणाऱ्यानं दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून त्या प्रकल्पात मेंटेनरची जागा मिळवली होती, आणि त्या आवृत्त्या सही-शिक्क्यानिशी बाहेर पडल्या होत्या. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं दिसलं. त्यानं ते सोडून न देता मुळापर्यंत शोध घेतला. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत पोचली होती. स्टेबलमध्ये, म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या शाखेत, पोचली नव्हती. आमच्या खोलीत स्टेबलच का, नव्या आवृत्त्या इतक्या उशिरा का, म्हणून पोरं कुरकुरत असतात, त्यांना मी हीच तारीख सांगतो. नवी आवृत्ती आधी बऱ्याच लोकांच्या नजरेखालून जाते आणि त्यात वेळ जातो.

शिकवताना शब्दांची यादी मी कधी पाठ करायला दिली नाही. शब्द पडद्यावर आला की तेव्हाच, आणि समोरच्यानं तो आपल्या बोलीत मला समजावायचा. ‘केप्ट बॅक’चा अर्थ तलाठीच्या तयारीतल्या एका मुलीनं सांगितला, "याच्यासाठी दुसरं काही काढा लागते, म्हणून यानं याले सध्या तसंच ठेवलं." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

तीच मुलगी परवा तिसऱ्या आकड्यावर अडून बसली. फॉन्टचं एक जुनं पॅकेज काढायला निघाली होती आणि त्यासोबत आणखी दोन निघत होती. "हे दोन काहून काढून राह्यलं?" एपीटीच्या त्या ओळीत याचं उत्तर नसतं, आणि माझी त्याच्याबद्दलची मोठी तक्रार हीच आहे. तो काय करणार ते सांगतो, का करणार ते क्वचितच सांगतो. पण डेबियनमध्ये ॲप्टिट्यूड नावाचा दुसरा पॅकेज मॅनेजर आहे. त्याला ‘व्हाय’ म्हणून पॅकेजचं नाव दिलं की ते कुणामुळं यंत्रात आलं याची साखळी ओळीओळीनं दिसते, आणि ‘व्हाय-नॉट’ म्हटलं की ते का बसत नाही याची. तिनं त्या दोन्ही नावांपासून जुन्या पॅकेजपर्यंतची साखळी काढली. दोन्ही त्या जुन्या पॅकेजवरच टेकलेली होती, आणि त्यांतल्या एकाचा फॉन्ट गुरुजींच्या हस्तलिखितात वापरलेला होता. तिनं एन दाबलं. ॲप्टिट्यूड आता खोलीतल्या बाकीच्या यंत्रांवर बसवायचं काम तिच्याकडंच दिलं आहे, आणि प्रत्येक यंत्रावर आलेली चार आकड्यांची ओळ ती वहीत उतरवून घेते आहे.